तीन दिवसांचं पाणी

राग अजून आहे, हे आधीच सांगून टाकते. चाळीस वर्षं होत आली, पण आहे.

लग्न होऊन मी रत्नागिरीत आले आणि चार महिन्यांत नवरा मुंबईच्या नोकरीवर परत गेला. मी एकटी पडू नये म्हणून पहिल्याच रजेत त्याने काचेची टाकी आणि चार गोल्डफिश आणले. शाळेत शिकवून मी घरी आले की चौघेही काचेशी येत. त्या घरात माझी वाट बघणारे तेवढेच, असं मला वाटे. सासूबाई हसायच्या. “मासे खायचे सोडून त्यांनाच भरवत बसतेस होय गो?”

टाकीची साफसफाई मी दुसऱ्या कुणाला करू देत नसे. नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास, पावसाळ्यात तर फारच. ते माशांना मारक, म्हणून वास उडून जाण्यासाठी बादलीत तीन दिवस उघडं ठेवायचं. मग मासे टाकीतच राहू देऊन रबरी नळीने तळाच्या घाणीसकट थोडं पाणी काढायचं आणि बादलीतलं हळूहळू ओतायचं. हे मी सासूबाईंना दहादा सांगितलं होतं. त्या ‘हो हो’ म्हणायच्या.

श्रावणातल्या एका रविवारी मी ते पाणी ओतलं. सर्दीने नाक चोंदलेलं, वास कळला नाही. थोड्या वेळाने मासे वर येऊन तोंडं उघडू लागले, मग आडवे झाले. काय करावं ते सुचेपर्यंत चारही गेले.

“बादलीतलं पाणी कुणी बदललं?” माझा आवाज चढला होता आणि मला त्याची पर्वा नव्हती.

“मीच. आज सकाळी.”

त्या घरात रोज सकाळी कळशीतलं उरलेलं पाणी ओतून ताजं भरत. शिळं पाणी कुणाला देत नसत. तोच नियम त्यांनी माझ्या बादलीला लावला आणि मला सांगितलंही नाही. मी तोंडाला येईल ते बोलले. अडाणी म्हणाले.

“तू शाळेत गेलीस की दिवसभर माझ्या सोबतीला तेच असतात गो,” त्या म्हणाल्या. “त्यांना शिळं पाणी कसं देऊ?”

मी संतापाने रात्री जेवलेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत बादली भरून उघडी ठेवलेली दिसली.

“तीन दिवस ठेवायची ना?” सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

मी ती उपडी केली.