एसटी थांब्यावरचा फळा

"कोनं सांगतलं होतं तुले फळ्यावर लिवायले? बोल ना! आता काहून तोंड शिवलं?"

राजूच्या शर्टाची उजवी बाही खडूने पांढरी झाली होती. इंझोरीच्या एसटी थांब्यावरचा फळा त्याने बाहीनेच पुसला होता, दहा-बारा माणसांच्या देखत, आणि तसाच घरी येऊन आपल्या दहा वर्षांच्या मुलीसमोर उभा राहिला होता. संस्कृती चुलीजवळ आजीच्या पाठीला चिकटून बसली होती.

"हळू बोल," भाकर थापता थापता तुळसाबाई म्हणाली. "मायबिना लेकरू हाये."

"मायबिना हाये म्हनूनच बोलून राह्यलो. हिची माय कशी मेली, ते हिनं गावाले वाचायले ठेवलं. जीपवाला दौलतसिंग इचारते मले, राजूभाऊ, हे वहिनीचंच व्हय का?"

"म्या मायचं नाव नाई लिवलं," संस्कृती म्हणाली. "सापाचंच लिवलं. उद्या पुन्हा लिवीन."

"लिव तं खरं! हात मोडून ठेवीन."

ओसरीच्या कडेला राजूचा बाप जानराव मेथीच्या जुड्या बांधत होता. एकच जुडी त्याने तिसऱ्यांदा सोडली आणि पुन्हा बांधली. फळा खरं तर त्याचा होता, आणि आठ महिने त्याने खडूला हात लावला नव्हता.

जानरावची दीड एकर भाजी. मेथी, पालक, वांगी, मिरची. सगळं मानोऱ्याच्या बाजारात जायचं. दहावीला गणितात गेलेला माणूस, पण छापलेला कागद दिसला की तो पाय पुढे टाकत नसे. लोक भजी खाऊन कागद टाकतात. जानराव भजी दुसऱ्याला देऊन तेलकट कागद खिशात घालायचा. एकोणीस वर्षं, पहिली बस यायच्या आधी, तो थांब्यावरच्या फळ्यावर एक गोष्ट लिहीत आला. वर ठळक अक्षरात 'अजब पण खरं'. मधमाशी नाचून दुसरीला फुलांची वाट सांगते. कृत्रिम पायाने एक बाई एव्हरेस्ट चढली. आपलं वाशीम एके काळी वाकाटक राजांची राजधानी होतं.

"राजधानी होतं तं रस्ता काहून असा?" बसची वाट पाहणारे ओरडायचे. गाव त्याला अजबरावच म्हणे.

घरात कौतुक नव्हतं. शुक्रावरचा एक दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो, हे त्याने सांगितलं तेव्हा तुळसाबाई म्हणाली होती, "माह्या चुलीपुढचा बी तेवढाच असते. तो लिवा फळ्यावर." ऐकणारी एकच होती, सून राखी. चहाचा कप हातात देण्याआधी ती विचारायची, "आज काय हाये, मामाजी?" जानरावचं अक्षर कोंबडीच्या पायाचं, म्हणून फळ्यावरचं सगळं वहीत ती उतरवून ठेवायची. अशा अकरा वह्या होत्या.

गेल्या पोळ्याला नणंद निकिता पोरांसह आली. या घराची रीत अशी की पाहुणे आले म्हणजे खाटा त्यांच्या आणि सून स्वयंपाकघरात खाली. राखी चुलीजवळ गोधडी टाकून झोपली. सकाळी उठली ती पोट धरून. उलटी झाली. आदल्या दिवशी पुरणपोळी झालेली, त्यामुळे कोणालाच काही वेगळं वाटलं नाही.

"पुरन जड झालं," जानरावच म्हणाला. ओवा आणि काळं मीठ त्यानेच कालवून दिलं आणि थांब्यावर गेला. त्या दिवशी त्याने लिहिलं, ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. परत आला तर राखीच्या पापण्या मिटत होत्या. "झोप लागली, पडू द्या," तोच म्हणाला. श्वास अडकायला लागला तेव्हा दौलतसिंगची जीप काढली. वाशीम यायच्या आधीच ती गेली.

"तुमचा तो फळाच वाईट," तुळसाबाई आता नवऱ्याकडे वळली. "समुद्रातल्या जनावराचे काळजं मोजत बसले, अन् घरातली सून मरून राह्यली ते समजलं नाई."

"फळा वाईट नाई, आजी," संस्कृती उठली. आतून एक वही घेऊन आली आणि बापासमोर उघडून धरली. "मले हे सापडलं. पाहा."

राजूने वाचलं. मण्यार चावली तर दुखत नाही. खूण सापडत नाही. सकाळी पोट दुखते, मग पापण्या उघडत नाहीत. खाली झोपणाऱ्यांना जास्त चावते. तारीख तीन वर्षांपूर्वीची. अक्षर राखीचं.

बराच वेळ तो त्या अक्षराकडेच पाहत राहिला. तव्यावरची भाकर करपली, कोणी उलटली नाही.

"बाबा, तुमाले ठाऊक होतं?" त्याने जानरावला विचारलं.

"होतं."

"त्या दिवशी?"

"त्या दिवशी आठवलं नाई. वाशीमले नेल्यावर डॉक्टरनं इचारलं ना, खाली झोपली होती का? तवा आठवलं."

"अन् आठ महिने बोलले नाई?"

जानरावने जुडीची गाठ आवळली. तुळसाबाईने पदर तोंडाला लावला. खाटा पाहुण्यांना द्यायला तिनेच सांगितलं होतं. ते कोणी काढलं नाही.

"म्हनून म्या लिवलं," संस्कृती म्हणाली. "आबाले आठवलं नाई. मायले बी आठवलं नाई. मंग रोज दिसाले पायजे ना?"

राजूने वही तिच्या हातात दिली आणि बाही झटकली. खडू निघाला नाही.

जानरावने शेवटची जुडी टोपलीत ठेवली. रांजणापाशी जाऊन हात धुतले, धोतराला पुसले.

"ही वही पोरीजवळ राहू द्या," तो म्हणाला. "बाकीच्या दहा बाजारात न्या, मिरच्या बांधायले. उद्यापासून फळ्यावर म्या लिवीन. रोज हे सापाचंच. आता दुसरं काई लिवनार नाई."