अरुणच्या कपाटातल्या दोन पेट्या

माझा मित्र अरुण गेल्याचं मला सुनंदा वहिनींच्या फोनवरून कळलं. सकाळची वेळ होती, मी अंगणात पाण्याची टाकी घासत होतो. "भाऊजी, ह्यायले केव्हाची उठवून राह्यली, उठतच नाई..." एवढंच त्या बोलल्या. सिंदी मेघेत आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. मी ओल्या हातानंच पळालो. अरुण उशाशी चष्मा नीट घडी करून ठेवून झोपला होता. डॉक्टर आले आणि मान हलवून गेले.

माणूस गेलेल्या घरात लोक कसे वागतात, हे त्यानंतर जवळून पाहिलं आणि शिसारी आली. बसायला आलेली मंडळी थोडा वेळ हळहळायची, मग सोयाबीनच्या भावावर यायची आणि मग कुणीतरी हळूच म्हणायचं, मॅच चालू असेल, आवाज बंद ठेवून लावा. टीव्ही लावला की पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहायचं. "काय जी," सुपारी घोळवत एक पाहुणा म्हणाला, "अरुणभाऊनं एवढं कॉम्प्युटर बसवून ठेवलं अन् साधी मॅच लागत नाई!" पाच-सहा जण हसले. समोर फोटोला हार होता.

ते कॉम्प्युटर हा अरुणचा एकमेव नाद. देवळीला त्याचं कापडाचं दुकान. दुकानाच्या हिशेबासाठी तो कॉम्प्युटर शिकला आणि पुढे एक यंत्र त्यानं घरी टीव्हीखाली बसवलं. घरातले फोटो, लग्नाच्या कॅसेटी, सिनेमे, सगळं त्यात. कुठल्याही खोलीतल्या टीव्हीवर हवं ते लावा. त्याच्या जोडीला जिन्याखालच्या कपाटात दोन काळ्या पेट्या. एकीत गच्चीवरच्या अँटेनाची तार, दुसरीत केबलची. पेट्यांनी चॅनल पकडायचं, घरातल्या तारांमधून कॉम्प्युटरला द्यायचं आणि कॉम्प्युटरनं ते साठवायचं. अँटेना बसवताना तो गच्चीवर आणि मी खिडकीत. वरून ओरडायचा, "आली का बे?" मी खालून, "मुंग्या आल्या!" सगळा रविवार त्यात गेला, पण संध्याकाळी चित्र असं स्वच्छ आलं की त्यानं मला चहाबरोबर जिलेबी खाऊ घातली.

त्यातल्या एका पेटीवरून त्यानं टिपलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे त्याची सासू. पुलगावजवळच्या त्यांच्या गावी टीव्हीवरच्या बायकांच्या एका कार्यक्रमाची मंडळी आली होती आणि आजींनी कॅमेऱ्यासमोर सरगुंडे, म्हणजे काडीवर वळायच्या शेवया, वळून दाखवले. निवेदिका काडीवर पीठ गुंडाळायला गेली आणि ते तुटलं. आजी म्हणाल्या, "अवं बाई, पीठ हाय ते! कपडे पिळून राह्यली का?" पुढच्या वर्षी आजी गेल्या. त्यांचा बोलता-चालता असा दुसरा तुकडा कुणाकडेही नाही. वहिनी दुपारी एकट्या असल्या की तो लावून बसत.

मग आमच्याकडचा प्रक्षेपणाचा मनोरा बंद झाला. केबलवाल्यानं स्वतःचा डबा सक्तीचा केला. दोन्ही पेट्या एकाच वर्षात आंधळ्या झाल्या. पेट्या बनवणाऱ्यांनीही हात वर केले. पण कॉम्प्युटरला कोण सांगणार? टीव्ही लावला की ते आधी दोन्ही पेट्यांना चॅनल मागायचं, वाट पाहायचं, थकायचं आणि मग पुढे सरकायचं. मी अरुणला म्हणायचो, "काढून फेकत काऊन नाई बे?"

"पेटी काढली की तिच्यावरून घेतलेलं रेकॉर्डिंगबी जाते. तसंच बनवलं हाय साल्यायनं."

"मंग आधी दुसरीकडं उतरवून घे."

"घेतो ना. दिवाळी होऊ दे, दुकानातली गर्दी सरू दे."

दिवाळी झाली, गर्दी सरली आणि अरुण गेला. ज्यानं कुणी ही व्यवस्था बनवली त्याची मला आजही किळस वाटते. भाडेकरूनं घर सोडलं म्हणून मालकानं त्याचा देव्हाराही ठेवून घ्यावा, तसा हा प्रकार. वस्तू तुमची, वीज तुमची, माणूस तुमचं, आणि पेटी मेली की त्या माणसानंही मरायचं.

तेरवी झाल्यावर मुलानं, निखिलनं, पुण्याला परतण्याआधी वर्ध्याहून एक मेकॅनिक बोलावला. आईला टीव्ही झटपट लागावा, हा त्याचा हेतू. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मेकॅनिक चांगला चाळिशीचा, दाराशी चपलाही न काढता आत आला. खुर्चीत बसून खटाखट बटणं दाबू लागला. पडद्यावर एक चौकट आली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "काय विचारून राह्यलं ते?"

"काही नाई काकू. येस का नो विचारते. सगळे येसच दाबतात."

मी चष्मा लावून वाचलं. ही पेटी आणि तिच्यावरून घेतलेली सर्व रेकॉर्डिंग कायमची काढायची का, असं सरळ लिहिलं होतं. "हात काढ," मी म्हणालो. जरा मोठ्यानंच म्हणालो असेन.

निखिल म्हणाला, "काका, आजीचं तेवढं मोबाईलवर शूट करून घेऊ ना. बाकीचं कोण पाहते आता?"

"मी पाह्यते," वहिनी म्हणाल्या.

मेकॅनिक गेला. जाताना, लोक फालतू कचरा जपतात, असं काहीतरी पुटपुटला. पाच मिनिटांपूर्वी जिला काकू म्हणाला, तिच्या आईला हा कचरा म्हणत होता.

पुढे काही दुपारी मी तिथं जाऊन बसलो. सगळी रेकॉर्डिंग नव्या डिस्कवर उतरवली. इकडे जितकी तितकीच तिकडे आहेत ना, प्रत्येकाची लांबी जुळते ना, हे पाहिलं. नुसती लांबी जुळली म्हणून विश्वास ठेवणारा मी नाही. प्रत्येकाची सुरुवात आणि शेवट लावून बघितला. आजींचा कार्यक्रम एकवीस मिनिटांचा, तो पूर्ण पाहिला. मगच दोन्ही पेट्या कॉम्प्युटरमधून वगळल्या आणि कपाट उघडलं.

आत पालीच्या लेंड्या, मेलेली झुरळं, चिकट तारा... आणि दोन पेट्यांच्या मधोमध, फडक्यानं तोंड बांधलेलं एक स्टीलचं भांडं. मी ते दोन बोटांनी बाहेर काढलं. "वहिनी, हे काय आहे?"

"दही हाय, भाऊजी. थंडीचं लागत नाई ना लवकर. ह्या पेट्या गरम राह्यते. जेवणं झाले का हे सोता विरजण लावून ठेवत इथं. मले हात लावू देत नव्हते. आता मीच लावते." मग माझं तोंड पाहून म्हणाल्या, "बांधलेलं असते. किडा नाई जात."

वर्षभर एकही चॅनल न दाखवलेल्या पेट्यांकडून तो दही लावून घेत होता आणि मला पत्ता नव्हता. मी पेट्या काढल्या, तारा गुंडाळल्या, फळी फिनेलनं दोनदा पुसली. पेट्या भंगारवाल्याला दिल्या. त्या दिवशी टीव्ही बटण दाबताच लागला. आजी आल्या, कपडे पिळण्यावर आल्या आणि वहिनी अरुण गेल्यानंतर पहिल्यांदा तोंडाला पदर लावून हसल्या. काम चोख झालं होतं.

दोन दिवसांनी सकाळी गेलो तर वहिनी कपाटासमोर उभ्या. हातात तेच भांडं, फडकं सोडलेलं.

"अजून दूधच हाय, भाऊजी."

मी म्हणालो, शेगडीजवळ ठेवा, नाहीतर चादरीत गुंडाळा, लागेल. त्यांनी मान डोलावली. भांड्याला पुन्हा फडकं बांधलं, गाठ ओढून पाहिली आणि ते त्याच रिकाम्या फळीवर ठेवून कपाटाचं दार लावून घेतलं.