न बोलावलेली परी

सुट्टीत दुपारच्या वेळी वाडीतली चार पोरं माझ्या पडवीत गोष्ट ऐकायला येतात. जन्मभर शाळेत शिकवलं, ती खोड काही जात नाही. त्या दिवशी शंभर वर्षं झोपलेल्या राजकन्येचं चित्रांचं पुस्तक उघडलं होतं. खाली समुद्राची गाज चाललेली. कौलांतून उतरलेला कवडसा नेमका चित्रातल्या पाळण्यावर येऊन बसला होता. पोरं पेंगुळली होती आणि खरं सांगायचं तर मीही.

राजाने लेकीच्या बारशाला बारा पऱ्या बोलावल्या. सोन्याची ताटं बाराच, म्हणून तेरावीला बोलावलं नाही. ती रागावून शाप देऊन गेली, एवढं वाचलं आणि शेजारची सात वर्षांची मुलगी ताडकन उठून बसली.

"ताटा कमी पडली तर केळीचा पान कापूचा नाय?"

राजाच्या अकलेबद्दल माझंही तेच मत आहे. मी हसून पुढे वाचलं. काट्यांत बुडालेला राजवाडा पाहून बाकीची पोरं म्हणाली, ही तर करवंदाची जाळी. ती मात्र झोपलेल्या मुलीकडेच बघत राहिली. जाताना हळूच म्हणाली, "आमच्या बाबूचा बारसा परवा आसा. काकीक बोलावणा नाय."

तिचा बाप आणि गडग्याच्या दगडी कुंपणापलीकडे राहणारा सख्खा काका एका हापूसच्या कलमावरून एकमेकांशी बोलत नव्हते. हिची वेणी मात्र रोज काकीच घालायची.

"अगो, ती नुसती गोष्ट," मी म्हटलं. तिला ते पटलेलं दिसलं नाही.

बारशाला मांडवात पंगत बसली. पाळण्यात बाळ रडून रडून लाल झालं होतं, कुणाच्याच हातात राहीना. माझ्या शेजारी एक पान नुसतंच मांडलेलं होतं. बापाने विचारलं, "ह्या कोणाचा?"

"काकीचा," मुलगी म्हणाली. "नायतर बाबू शंभर वर्सा झोपतलो."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून भातात आमटी कालवत राहिले. बापाने त्या पानाकडे पाहिलं. मग चपला अडकवून गडगा ओलांडून गेला.

काका आला नाही. काकी आली, घरातल्याच साडीवर, हात अजून ओले. तिने बाळाला खांद्यावर घेतलं आणि त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. रडणं थांबलं. बघता बघता त्याचे डोळे मिटले. झावळ्यांच्या सावल्या त्याच्या पाठीवरून हलत होत्या, वारा मंद झाला होता, आणि आता सगळी वाडीच हळूहळू झोपी जाणार असं मला वाटलं. मला फार बरं वाटत होतं.

मुलगी मात्र पांढरीफटक पडली होती. काकीचा पदर घट्ट धरून तिने विचारलं, "गो काकी, किती वर्सा?"

काकीला गोष्ट कुठे ठाऊक होती.

"वर्सा खंयची गो? भूक लागली की उठतलो. चल, तोपर्यंत आपण जेवया."