फक्की लागलेला चेंडू

बोट सुजलं नसतं, तर आपण किती वाईट पोरगी आहोत हे मला कळलंच नसतं.

सत्तरच्या दशकात शिरपूरला आमच्या शाळेत खेळाच्या सरांनी मुलींचा सॉफ्टबॉल संघ काढला. जिल्हा तेव्हा अकोलाच. माझी जिवाची मैत्रीण चेंडू फेकायची, मी कॅचर, म्हणजे बॅटवालीच्या मागं बसून तो झेलणारी. अकोल्याच्या सामन्याला आठ दिवस उरले आणि तिच्याच फेकीनं माझं बोट टम्म फुगलं. सरांनी माझ्या जागी नववीतली एक उंच पोर बसवली, माझ्या हाती स्कोअरची वही दिली.

दोन दिवसांत मैत्रीण तिच्यासोबत डबा खायला लागली. मी जळून कोळसा.

वहीचा नियम सोपा होता. चेंडू कॅचरच्या मागं गेला आणि धावणारी पुढच्या बेसवर सरकली, की दोष कुणाचा ते लिहायचं. सहज झेलण्यासारखा असेल तर कॅचरचा. जमिनीवर आपटून किंवा आवाक्याबाहेरून गेला तर फेकणारीचा. ठरवणार मी एकटी. मग काय, सुटेल तो त्या पोरीच्या नावावर! सर तिला काढतील, मी परत मैत्रिणीसमोर बसेन, असा माझा महान बेत.

चौथ्या दिवशी सुटलेला चेंडू सरांनी स्वतः उचलून आणला आणि दोष कुणाचा म्हणून विचारलं. मी कॅचरचा म्हणाले. त्यांनी चेंडू माझ्या नाकापुढं धरला. त्याला चुन्याची पांढरी फक्की लागली होती. कॅचरच्या पुढ्यात जमिनीवर असते ती रबरी होम प्लेट आमच्याकडं नव्हती. ती रोज फक्कीनं आखायची, आणि आखायची कोण, तर मीच. चेंडू तिथं आपटूनच मागं गेला होता.

सर पुढं काही बोलायच्या आत मैत्रीणच जवळ आली.

"काहून वं, माह्या चुका तिच्या नावावर लिहून राह्यली? मले वाचवून राह्यली का?"

"हो," मी म्हटलं. लाज नावाची गोष्ट तेव्हा माझ्याकडं नव्हतीच.

सरांनी वहीतल्या सगळ्या नोंदी नव्यानं करायला लावल्या. मला एकूण एक चेंडू आठवत होता. जळणाऱ्या माणसाची नजर फार पक्की असते. पोरीचा रकाना जवळजवळ कोरा झाला. कॅचर म्हणून तीच गेली, मी नुसती सोबत.

अकोल्याच्या बसमध्ये मैत्रीण माझ्या शेजारी बसली. मी तिच्यासाठी खोटं लिहिलं, हे कौतुकानं सगळ्यांना सांगत होती. नववीची पोर पुढं एकटीच खिडकीबाहेर पाहत होती. आणि मी? मैत्रीण तिच्याकडं किती वेळा पाहते, तेवढंच पाहत होते.