मालकांचा टॉवेल

माझा एक पाय गाडीच्या पायरीवर होता, दुसरा रस्त्यावर. कंडक्टरनं दोरी ओढली. टिंग टिंग. गाडी हलली आणि मी पाठीवर पडले.

लुगडं गुडघ्याच्या वर गेलं. कोपर सोललं. मागचं चाक माझ्या पायाजवळून गेलं, इतकं जवळून की टायरची धग पोटरीला लागली. पुढं जाऊन गाडी थांबली. वाटलं, आता मला उचलून घेतील. खिडकीतून मालकांनी डोकं बाहेर काढलं. मालक म्हणजे ज्यांच्या हळदीच्या रानात मी उभा जन्म खपले ते. खुरपली, शिजवली, वाळवली, सगळी त्यांचीच हळद.

"म्हातारे, मसनात जायच्या वयात वसमतला काहून जाऊन राहिलीस? घरी बस."

गाडीतले लोक हसले. कंडक्टरही हसला. मग गाडी गेली. मी रस्त्यावर बसून लुगडं खाली ओढत राहिले.

हिंगोली नुकताच वेगळा जिल्हा झालाय, आत्ताआत्ताची गोष्ट. वसमतला मी कशाला जात होते ते सांगते. काचबिंदू. उजवा डोळा गेलेला. डाव्यासाठी डॉक्टरीणबाईंनी थेंब दिले होते आणि बजावलं होतं, "आजी, दर महिन्याला यायचं. खाडा केलात तर हाही जाईल."

त्या पडण्यानंतर मी खाडा केला. दोन महिने. फाट्यापर्यंत जायची. लांबून हॉर्न ऐकला की रस्त्यापासून मागं सरायची. आमच्या फाट्यावर गाडी खांबापाशी थांबतच नाही. पुढं जाऊन थांबते. तरणी पोरं पळत जाऊन चढतात, आम्ही धूळ खातो. घरी येऊन मी सांगायची, गाडी आलीच नाही. इकडं डाव्या डोळ्याच्या कडा काळ्या पडत चालल्या. ताटातली समोरची भाकर दिसायची, बाजूची चटणी हाताला लागेपर्यंत दिसायची नाही. चाकाची भीती होती, आणि अंधाराचीही. दोन्हीकडून कोंडी.

आमच्या गल्लीत पिंजाऱ्याची हमीदाबी राहते. गाद्या भरते. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. तिला मी खरं सांगून टाकलं. ती म्हणाली, "अगं, भेव मलाबी हाये. चल, दोघी मिळून भिऊ."

त्या सोमवारी गाडी दिसली तशी हमीदाबी काठी आडवी धरून थेट रस्त्यात उभी राहिली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला, आईबहिणीवरून शिव्या दिल्या. "पयले चढू दे, मंग दे शिव्या," ती म्हणाली. मी हातापायांवर चढले, रांगत्या लेकरासारखी. मग तिला वर ओढलं.

आत पुढच्याच बाकावर टॉवेल पडलेला. आम्ही चढेपर्यंत मालकांच्या गड्यानं खिडकीतून टाकलेला. आमच्याकडे टॉवेल पडला की जागा त्याची झाली, आणि मालकांचा टॉवेल म्हणजे खुद्द मालकच बसलेले. ते अजून खाली पानटपरीपाशी कुणाशी तरी बोलत होते. गाडी त्यांच्यासाठी थांबून होती. कंडक्टर घाई म्हणून करत नव्हता.

आणि मी काय केलं? खाली बसले. टॉवेलच्या पायाशी. मालक असले की आम्ही बाकावर बसत नाही. कुणी सांगितलेलं नाही, आईला बघून शिकले. मालक नव्हते, नुसतं फडकं होतं, तरी बसले. हमीदाबीनं कपाळावर हात मारला.

खाली बसून वर बघितलं तर खिडकीच्या वर रंगवलेली अक्षरं दिसली. कधीकाळी गावातल्या साक्षरता वर्गात मी अक्षरं गिरवली होती. उरलेल्या अर्ध्या डोळ्यानं एकेक जोडत गेले. ज्येष्ठ नागरिकांसाठी राखीव.

"हमीदाबी, ज्येष्ठ म्हंजी गं?"

"म्हातारे. आपुन."

डोक्यात तिडीक गेली. ज्या गाडीला मी दोन महिने भीत होते, तिच्यात माझी जागा लिहून ठेवलेली होती. आणि मी त्या जागेच्या पायाशी बसले होते, एका फडक्याचा मान राखत.

मी टॉवेल उचलला. घडी करून दांडीवर टाकला. हमीदाबीला खिडकीशी बसवलं आणि शेजारी बसले.

मालक चढले.

"टावेल कोन उचलला?"

"म्या."

"कोनाचा हाये, ठाऊक हाये का?"

"ठाऊक हाये. म्हणून घडी करून ठेवला."

"ऊठ."

भीतीनं मला लघवी झाली. बसल्या जागी. लुगडं भिजलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण लोकांना वाटतं, नाही म्हणणारी बाई धीट असते. मी धीट नव्हते. मालकांच्या पायातल्या वहाणांकडे बघत होते.

"न्हाई उठत," मी म्हणाले.

"तुझा पोरगा माझ्याच रानात हाये. ध्यानात ठेव."

हमीदाबीनं माझा हात घट्ट धरला. तिचाही हात गार पडला होता. कंडक्टरनं मान खाली घालून दोरी ओढली. वसमतपर्यंत मालक दांडी धरून उभे राहिले. मी एकदाही मान वर केली नाही.

डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला. गेलेल्या कडा गेल्याच. मधलं टिकेल म्हणाल्या, खाडा केला नाही तर.

दुसऱ्या दिवशी पोराला कामावरून काढलं. तो घरी येऊन माझ्यावर ओरडला, "आये, काहून उठली न्हाईस? वसमतपातुर उभी राहिली असतीस तर काय मेली असतीस?"

"व्हय," मी म्हणाले, "मेले असते."

आता तो म्हणतो, मालकांच्या पाया पडून ये. सूनही तेच म्हणते. त्या दोघांचं खोटं नाही, थंड चूल मलाही दिसते. तरीही पाया पडायला जाणार नाही. सोमवारी महिना भरतो, वसमतला जाणार. भीत भीत जाणार. पण बसून जाणार.