ओठांतल्या टाचण्या

हिंगोलीला फॅशन डिझाइनच्या वर्गात मी कटिंग शिकवतो. तिथली डोंगरकडा गावची एक पोरगी कायम ओठांत टाचण्या धरूनच बोलायची. काही विचारलं की "व्हय सर" नाहीतर "न्हाई सर", तेही दातांतल्या दातांत. रॅम्प शोसाठी तिनं मेंढपाळ बापाच्या जुन्या घोंगडीचा कोट शिवला. शिवताना तीन सुया मोडल्या, पण खांदा असा बसवला की मलाही जमला नसता.

शो बसवायला पुण्याहून आलेल्या मॅडमना कोट फारच आवडला. म्हणाल्या, "मॉडेल अनवाणी चालू दे. पायांना थोडी माती लावा, म्हणजे खरं वाटेल."

खरं म्हणे! मेंढपाळ म्हटलं की यांना मळके पायच दिसतात.

पोरीनं ओठांतल्या टाचण्या एकेक काढून टेबलावर ठेवल्या. "मॅडम, रानात काटे असतेत. माहा बाप मेंढरांमागं वहाणा घालूनच जातो. तुमी काहून काढून राहिल्या त्याच्या पायातल्या?"

शोमध्ये मॉडेल तिच्या बापाच्याच वहाणा घालून चालला, करकर वाजवत. मॅडमच्या कपाळावर आठ्या.

मॅडमचा राग येतोच. पण टाळ्या वाजवण्याआधी मी त्यांच्या तोंडाकडं बघून घेतलं, त्याचा जास्त येतो.