बापाचं गाणं आणि हळदीचा ठेका

पेणच्या आमच्या रॉक बँडमध्ये आम्ही तिघंच होतो आणि त्यातले दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. गायक पुण्याहून आलेला. केस लांब, मराठी शुद्ध. ड्रमर गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायचा, त्याआधी आमच्याकडच्या लग्नांच्या हळदींना बेंजो पार्टीत वाजवायचा. चतुर्थीच्या आधी महिनाभर तो तालमीला फिरकला नाही. "देवाला आंधळा पाठवू काय?" म्हणाला. तेव्हापासून गायकानं अबोला धरला. मी गिटार वाजवायचो आणि निरोप पोचवायचो.

गणपती बसल्यावर रोह्याच्या एका मंडळानं बोलावलं. संध्याकाळी दीड तास, मग आरती. शेवटचं गाणं माझं होतं. मिठागरात राबून गेलेल्या माझ्या बापावर लिहिलेलं, अगदी संथ. त्यातल्या 'मिठा'चं गायकानं 'क्षार' केलं होतं. खटकलं, पण म्हटलं जाऊ दे, गातोय ना. आईला मुद्दाम एसटीनं आणून पुढच्या खुर्चीत बसवलं होतं. तिनं हे गाणं शांतपणे ऐकावं, एवढंच मला हवं होतं. बँड गेला खड्ड्यात.

स्टेजवरही निरोप चालूच. "त्याला सांग, हळू वाजव." "त्याला सांग, झोपू नको." सांगून सांगून माझी मान आखडली.

माझं गाणं सुरू झालं तशी लोकांची चुळबूळ सुरू झाली. दुसऱ्या कडव्याला ड्रमरनं सरळ हळदीचा ठेका धरला. मागची पोरं उठून नाचायला लागली. गायकानं माइक माझ्यासमोर ठेवला, "त्याला सांग, मी चाललो," म्हणाला आणि खाली उतरला. बसला तोही नेमका आईशेजारी.

मी मागे वळून ओरडलो, "अरे गाढवा, बापाचं गाणं हाय ते!" माइक चालू होता. अख्ख्या मंडळानं ऐकलं.

"म्हणून तर," ड्रमर म्हणाला. हात थांबला नाही.

मग मीच गायलो. क्षार गेले उडत, मीठच म्हणालो. राग इतका आला होता की डोळ्यांत पाणी आलं. समोर मंडळाचे अध्यक्षसुद्धा नाचत होते.

आरती झाल्यावर आईला म्हटलं, "आये, यानं वाट लावली गो गाण्याची."

ती पदरानं डोळे पुसत होती. "आपल्याकडं हळदीला हाच ठेका वाजवायचा. तुजा बापूस मिठागरातून आला की पायपण न धुता नाचायला पळायचा. तो केसवाला गात व्हता तवा मला काय कळलाच नाय. मग ह्यानं वाजवला, तू मीठ बोललास, आन मला तो दिसला. पाय पांढरे तसेच."



गायक लांबूनच म्हणाला, "त्याला सांग, बँड संपला."

"तूच सांग," म्हटलं, आणि ड्रमरसाठी चहा आणायला गेलो.